दोन घरं

मलकापूर,
२० नोव्हेंबर १९४२

आकारामभावजी,

नमस्कार. मोठा मायना घालत नाही, तो तुम्हीच मनात घालून घ्या. कागद लहान आहे आणि सांगायचं पुष्कळ आहे. ह्यांचं कार्ड आलं! पाच महिने सरकार नुसतं 'बेपत्ता' म्हणत होतं. तुमचे भाऊ इटली नावाच्या देशात कैदेत आहेत, हातीपायी धड आहेत. गल्लीतल्या सगळ्या बायकांची पलटणीतली पत्रं मीच वाचून दाखवते. कुणाचं बरं, कुणाचं वाईट, पण माझा आवाज कधी हलला नाही. ह्या वेळी मात्र सासूबाई म्हणाल्या, "आगं, रडतीस कशापायी? हाय न्हवं जित्ता?" आणि मग त्याच रडायला लागल्या.

आता काम. ह्यांनी लिहिलंय, तिथं दिवस जाता जात नाही. बराकीत बुद्धिबळाचा पट आहे, त्यावर शिकतोय आणि सगळ्यांकडून हरतोय. 'तूही शिकून ठेव. आकाराम शिकवील. आलो की आपण दोघं समोरासमोर बसून खेळू.'

भावजी, आमच्या लग्नाला सात महिने होतात न होतात तोच पलटणीचं बोलावणं आलं. त्या सात महिन्यांत आम्ही समोरासमोर बसून काहीच केलं नाही. जेवणसुद्धा नाही. आधी ते, मागून मी, आपल्यात असतं तसंच. म्हणून ती एक ओळ मी सासूबाईंना वाचून दाखवली नाही, गिळून टाकली.

मी मराठी चौथी पास आहे. डोकं किती आहे ते तुम्हीच बघा. पण मला शिकवा. ते येतील तेव्हा मला यायला हवं.

मनुबाई

---

सांगली,
२ डिसेंबर १९४२

मनुवहिनींना आकारामचा दंडवत.

पत्र आलं तेव्हा हळदीच्या पेठेत तराजूशी उभा होतो. वाचता वाचता असा हसलो की शेजारचा हमाल म्हणाला, "आकारामा, हळद चढली का काय रं?" सयाजी जिवंत आहे याचा आनंद तर झालाच. पण तो सगळ्यांकडून हरतो हे वाचून खात्री पटली की तो आपलाच सयाजी आहे. दोन वर्षं आमच्याकडं शाळेला होता, तेव्हा घाटावरच्या देवळात माझ्या पाठीशी बसून डाव बघायचा. स्वतः खेळायला बसला की वजीर घेऊन उधळायचा आणि दहाव्या खेळीला डोकं खाजवत बसायचा.

सोबत पुडकं पाठवलंय. बत्तीस मोहरे आहेत, हळकुंडं कोरून केलेले. पिवळे ते गोरे समजा, काजळीत घोळलेले ते काळे. तुमच्या सासूबाईंना, आमच्या रंगूमावशीला, सांगा, कालवणात टाकू नको म्हणावं.

पट चौसष्ट घरांचा. हत्ती सरळ जातो, उंट तिरका, वजीर दोन्हीकडं. घोडा अडीच घरं उडी मारतो. राजा एकेक घर चालतो, पण डावात एकदा त्यालाही घोड्याची उडी घेता येते. प्यादं एक घर पुढं जातं. एकच, आणि मागं कधी येत नाही. शिपायाला मागं यायचा हुकूम नसतो तसं.

आपण पत्रातूनच एक डाव खेळू. तुमची चाल कार्डावर लिहा, मी माझी लिहितो. घाई नाही. माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. पेठेतून घरी आलं की बोलायला भिंती आहेत, तेव्हा तुमच्या चालीची वाट बघायला मला आवडेल.

आकाराम

---

मलकापूर,
१६ जानेवारी १९४३

भावजी,

तिळगूळ घ्या, आणि गोड बोलायचं ते तुम्हीच बोला. तुमच्या परवाच्या कार्डानं माझा वजीर गेला. कार्ड चुलीत घालणार होते, सासूबाईंनी हात धरला.

मला कळत नाही, मी एवढा विचार करते तरी मला दिसत का नाही? गोणपाटावर चुन्यानं घरं आखलीत. भाकरी थापतानाही तीच डोळ्यांपुढं असतात. रोज दुपारी सासूबाईंना समोर बसवून सराव करते. पण त्यांचा घोडा मारायची सोय नाही. म्हणतात, "घोड्याला हात लावशील तर बघ. खंडोबाचा हाय त्यो." आणि प्यादं मेलं की त्याला उचलून पदरात ठेवतात. काल म्हणाल्या, "ह्येचीबी आय आसंल की कुटंतरी." मग आमचा डाव तिथंच मोडला.

ह्यांना लिहिलंय की मी शिकतेय. वजीर गेल्याचं लिहिलं नाही.

मनुबाई

---

सांगली,
२५ जानेवारी १९४३

वहिनी,

विचार तुम्ही पुष्कळ करता, पण सगळा स्वतःच्याच मोहऱ्यांचा. मी इकडं जाईन, मग तिकडं जाईन, मग ते खाईन. पलीकडं माणूस बसलाय हे तुम्ही विसरता. नवा खेळाडू तिथंच मार खातो. मीही सहा वर्षं खाल्ला.

माझ्या गुरूनं मला एकच गोष्ट शिकवली, ती तुम्हाला देतो. समोरच्यानं चाल केली की आपलं सगळं बाजूला ठेवायचं. हात मांडीखाली घ्यायचे. आणि स्वतःला विचारायचं, ह्यानं ही चाल का केली? त्याचं उत्तर सापडेपर्यंत हात बाहेर काढायचा नाही.

वजीर गेला तरी डाव चालू ठेवा. हरलेला डाव शेवटपर्यंत खेळणाराच पुढं खेळाडू होतो.

आकाराम

---

मलकापूर,
६ मार्च १९४३

भावजी,

आज चाल लिहीत नाही. तुम्हाला एक विचारायचं आहे, खरं सांगा.

काल ह्यांचं पत्र आलं. नेहमीसारख्या बायका अंगणात जमल्या होत्या, आणि मी मूर्खासारखी आधी मनात न वाचता मोठ्यानं वाचायला लागले. मधे मधे कुणा सरकारी माणसानं काळी शाई फासलीय. जे राहिलंय ते जसंच्या तसं उतरवते.

'मी ████ दोन घरं ████. तुला राग येईल, पण इथं सगळेच तसं करतात. इथं मला ████ राणी मिळाली. पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं, आता तिच्यावाचून माझं पान हलत नाही. समजलं नाही तर आकारामला विचार. आता सगळं तुझ्यावर आहे. तू काय करतेस त्याची मी वाट बघतो.'

'पान हलत नाही' पर्यंत वाचलं तेव्हा बायका एकेक करून पदर सावरत उठायला लागल्या. शेजारच्या अंबूबाई उठता उठता म्हणाल्या, "परदेसात गेल्याला बाप्या. त्येचं काय नवल?" सासूबाईंनी त्यांना सुनावलं, "माझ्या पोटचा हाय त्यो. दोन घरं करायचा न्हाई. हिचंच वाचाय चुकलं आसंल." भावजी, मी वाचायला चुकत नाही.

माझ्या मनात एकच आशा आहे. हे खेळातलं तर नाही ना? दोन घरं म्हणजे पटावरची? राणी म्हणजे एखादा मोहरा? तसं असेल तर लगेच कळवा. नसेल तरी कळवा.

मनुबाई

---

सांगली,
१२ मार्च १९४३

वहिनी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. खोटा धीर देता आला असता, पण तुम्ही खरं मागितलंत.

खेळात एकदम दोन घरं कुणीच जात नाही. घोडा अडीच जातो. हत्ती, उंट, वजीर वाट मोकळी असेल तिथवर जातात, त्यांची घरं कुणी मोजत नाही. प्यादं एकच घर जातं. माझा गुरूही एकच चालवायचा. आणि राणी? पटावर राजा आहे, वजीर आहे, हत्ती, घोडे, उंट, शिपाई आहेत. बाईमाणूस नाहीच.

त्यानं माझं नाव का घातलं, देव जाणे. मला त्यातलं काहीएक माहीत नाही. तो माझा मावसभाऊ, लहानपणी माझ्या ताटात जेवलेला. पण तुमच्यापुढं त्याची बाजू घ्यायला मला तोंड नाही. डाव थांबवायचा तर थांबवू. चालू ठेवलात तर मला बरं वाटेल.

आकाराम

---

मलकापूर,
१८ मे १९४३

भावजी,

डाव थांबवला नाही हे बरं झालं. दुसरं काही धड लागतच नाही. चाल लिहिते: माझा घोडा तुमच्या हत्तीवर. हत्ती वाचवायला जाल तर उंट जाईल. तुम्हाला दिसलं नव्हतं ना? हात मांडीखाली घेऊन दोन दिवस बसले, तेव्हा सापडलं. पूर्वी मी माझ्याच मोहऱ्यांकडं बघत होते. आता तुमच्याकडं बघते. तुम्ही कार्ड लिहिताना कुठं थांबला असाल तेही कळायला लागलंय.

ह्यांना मी उत्तर लिहिलेलं नाही. अडीच महिने झाले. सासूबाई विचारतात, "टाकलंस का गं पत्तर?" मी हो म्हणते. त्या विचारतात, काय लिहिलंस? मी पीकपाणी सांगते, म्हशीचं सांगते. खोटं बोलायची मला सवय नव्हती, आता झालीय.

राग आहे तोवर मी ठीक असते. पण परवा उसाला पाणी पाजताना वाटेत त्यांची जुनी चप्पल दिसली, बांधाच्या दगडाखाली दडपलेली. तीन वर्षांची. मी ती धुऊन घरी आणली. आता सांगा, अशा बाईनं काय करावं? त्यांची आठवण आली की स्वतःचाच राग येतो. पुन्हा आठवण येतेच.

मनुबाई

---

सांगली,
२२ जून १९४३

वहिनी,

हत्ती गेला. कबूल. एवढ्या थोड्या दिवसांत घोड्याचा असा दुहेरी मार शिकलेला नवखा मी पाहिलेला नाही, आणि देवळातल्या मंडळींना तुमचं कार्ड दाखवलं तर त्यांचाही विश्वास बसेना. मी कुणाचं आहे ते सांगितलं नाही. म्हटलं, मलकापूरचे एक गृहस्थ आहेत.

तुम्ही चपलेचं लिहिलंत त्यावर काय लिहावं कळत नाही. पाऊस लागलाय, कृष्णेचं पाणी चार पायऱ्या चढलंय. पेठेत हळदीला ओल येते म्हणून दिवसभर झाकपाक चाललीय. तब्येत सांभाळा. मन फार लावून घेऊ नका. इकडं तुमच्या चालीची वाट बघणारा एक माणूस आहे एवढं ध्यानात ठेवा.

माझी चाल : डाव्या हत्तीपुढचं प्यादं ████ एक घर.

आकाराम

---

मलकापूर,
१ जुलै १९४३

आकारामभावजी,

तुम्हीच शिकवलंत. समोरच्यानं चाल केली की विचारायचं, ही का केली?

तुमच्या चालीत तुम्ही काहीतरी लिहून शाई फासलीत. मी कार्ड दारात उन्हाकडं धरलं. सरकारची शाई दाट असते, तुमची पातळ आहे. खाली 'दोन' दिसतं. 'प्यादं दोन घरं' लिहिलंत आणि खोडून 'एक घर' केलंत.

लहानपणापासून तुम्ही प्यादं एक घर चालवताय. हात सवयीनं जातो. मग तुमच्या हाताला दोन घरांची सवय कुठं लागली? कधी लागली? आणि लागल्यावर मला का सांगितलं नाही?

हात मांडीखाली घेऊन बसले आहे. लिहा.

मनुबाई

---

सांगली,
८ जुलै १९४३

वहिनी,

सापडलो. आता सगळं सांगतो, काही खोडत नाही.

गुढीपाडव्यानंतर आठवड्यानं मिरजेच्या रेल्वेतला बिराप्पा नावाचा गार्ड देवळात खेळायला आला. त्यानं पहिल्याच चालीला राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. आम्ही सगळे ओरडलो. तो म्हणाला, "अहो, ही विलायती पद्धत. प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जातं. साहेबलोक असंच खेळतात." मग त्यानं वजिराला बोट लावलं आणि म्हणाला, "ते ह्याला राणी म्हणतात."

मला तिथंच तुमचं मार्चातलं पत्र आठवलं. सयाजी साहेबलोकांच्या पटावर शिकलाय. त्यानं तुम्हाला पहिली चाल पाठवली होती. 'मी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलंय. तुला राग येईल, पण इथं सगळेच तसं करतात.' मी तुम्हाला एक घर शिकवलं असणार हे त्याला ठाऊक, म्हणून राग येईल. चाली म्हणजे गुप्त खुणा असतील अशा संशयानं सरकारनं शाई फासली असेल. आणि जे उरलं त्यावर मी, एवढा मोठा खेळाडू, ठामपणे सांगितलं की पटावर राणी नाही.

त्या दिवशी घरी येऊन पत्र लिहायला बसलो. लिहिलं असतं तर बरं होतं. पण मनात आलं, आता ती सयाजीला लिहील, त्याच्याशी खेळेल, आणि माझ्याकडं कार्ड येणार नाही. म्हटलं, एक चाल होऊ दे, मग सांगू. मग आणखी एक. असे तीन महिने गेले. वहिनी, तुमच्या कार्डाची वाट बघत मी पेठेतून घरी धावत येत होतो. हे लिहायची लाज वाटते, पण खरं तेच आहे. त्यात तुमचा काही दोष नाही, आणि सयाजीचा तर नाहीच.

विलायती पद्धतीत राजे आपल्यासारखे आडवेतिडवे बसत नाहीत. दोन्ही राजे एकमेकांच्या बरोबर समोर असतात. त्याला आजच्या आज लिहा.

आकाराम

---

मलकापूर,
१० जून १९४४

आकारामभावजी,

ह्यांना मी गेल्या जुलैतच पत्र लिहिलं होतं. काल ते परत आलं. पाकिटावर पाच शिक्के आहेत. पोस्टमास्तर म्हणाले, तिकडचं राज्य पालटलं, छावणी भाद्रपदातच मोडली, कैद्यांचा पत्ता नाही. सरकारचा कागदही आलाय, त्यात पुन्हा तोच शब्द आहे, बेपत्ता.

हे पत्र चैत्रात गेलं असतं तर श्रावणात त्यांच्या हातात पडलं असतं. मी महिने मोजून बघितले. तुमचे तीन महिने होते. पण त्याआधीचे आणि मधले माझेही होते. राग गिळून एक ओळ लिहिली असती, 'हे काय आहे?' एवढं जरी विचारलं असतं, तरी झालं असतं. मी सासूबाईंना म्हशीचं सांगत बसले. म्हणून सगळं तुमच्या माथी मारत नाही.

पण हे पाकीट मला घरात ठेववत नाही. फाडवतही नाही. तुम्ही ठेवा. उघडू नका. ह्यापुढं मी चाल पाठवणार नाही, तुम्हीही लिहू नका.

मनुबाई

---

सांगली,
१८ ऑगस्ट १९४५

सौ. मनुवहिनींस,

चौदा महिन्यांनी लिहितोय. न लिहिण्याचा तुमचा हुकूम होता, तो मोडतोय. रागवायचं ते मागून रागवा.

सयाजी माझ्यासमोर बसला आहे.

काल दुपारी पेठेत तराजूशी येऊन उभा राहिला. मी ओळखला नाही. "आकाराम, वजीर घेऊन उधळू का रं?" म्हणाला, तेव्हा ओळखला. हाडाचा सापळा झालाय. इटलीतून जर्मन लोकांनी त्यांच्या मुलखात नेलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं थंडीनं गेली. तो हात खिशात ठेवतो. बाकी धड आहे.

मी म्हटलं, गड्या, गाडी कराडवरनं आली, तिथं न उतरता पुढं माझ्याकडं कसा आलास? तर त्यानं खिशातला हात आणखी आत सारला. मग म्हणाला, "कराड टेशनात गाडी थांबली. मी दारात हुबा ऱ्हायलो. पाय खाली टाकवंना." चाल पाठवून त्यानं आठ महिने वाट बघितली. टपाल आलं की बराकीतले लोक चेष्टा करायचे, "आली का राणीसाहेबांची चाल?" मी विचारलं, दुसरं पत्र का नाही टाकलंस? म्हणाला, "माझी चाल झाली हुती. पाळी तिची. एकानंच दोनदा चालायचं नसतंय." मग छावणी मोडली. त्याच्या पलटणीतल्या दोघांच्या बायकांनी, नवरे मेले समजून, दुसऱ्याशी पाट लावला. त्याला वाटतं तुम्हीही लावला असेल. दारात जाऊन उभं राहावं आणि खुंटीवर दुसऱ्याचा पटका दिसावा, ह्याची त्याला लढाईपेक्षा जास्त भीती वाटते.

मी पेटीतून तुमचं पाकीट काढून दिलं. मी उघडलं नव्हतं. त्यानं दातानं फोडलं. वाचलं आणि किती तरी वेळ गुडघ्यात डोकं घालून बसला. मग म्हणाला, "ह्ये दोन सालामागलं हाय. आता काय हाय, त्ये इचार." मी काय सांगू? चौदा महिन्यांत तुमची खुशाली मलाही ठाऊक नाही. त्याला सगळं सांगितलं, माझे तीन महिनेसुद्धा. त्यानं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

त्याच्या खिशात एक प्यादं आहे, लाकडाचं, अंगठ्याएवढं. राजापुढचं. छावणी सोडताना तेवढंच घेऊन निघाला. तो विचारतो, त्याला घर आहे का?

उलट टपाली लिहा.

आकाराम

---

मलकापूर,
२१ ऑगस्ट १९४५

भावजी,

तुमचं पत्र मी अंगणात सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचलं, त्या वेळेसारखंच, आधी मनात न वाचता. 'सयाजी माझ्यासमोर बसला आहे' इथं आले तेव्हा सासूबाई उठल्या आणि चुलीत लाकूड सारायला आत गेल्या. चूल विझलेली होती. अंबूबाईंनी त्यांना धरून बाहेर आणलं.

पट अजून मांडलेला आहे. दोन वर्षं झाली. तुम्ही लिहिलं होतं तसा मांडलाय, राजाच्या समोर राजा. ह्यांचं पिवळं प्यादं दोन घरं पुढं. सारवायचं असलं की गोणपाट अलगद उचलून ओसरीवर ठेवते, सारवून झालं की परत आणते. दोन हळकुंडं भुंग्यानं खाल्ली, तिथं चिंचोके ठेवलेत. माझी चाल मी केली नव्हती. ती समोर बसूनच करायची होती. पण त्यांना दारात पाऊल टाकता येत नसेल तर आता करते. पुढचं त्यांना वाचून दाखवा.

माझं राजापुढचं प्यादं, दोन घरं.

आता दोघं समोरासमोर आहेत. दोघांनाही पुढं जाता येत नाही, आणि मागं यायचा तर हुकूमच नसतो. खुंटीवर पटका आहे, तो तुमचाच. तुमच्या आई दर सणाला धुऊन वाळवतात. प्यादं कितीही घरं चालू दे, घर एकच आहे. डाव्या हातानं खेळा. मीही नवखीच आहे.

भावजी, त्यांना मिरजेहून सकाळच्या गाडीत बसवून द्या, दिवस तारेनं कळवा. तुमचा आमचा डाव अर्धा राहिलाय, तो आता टपालानं खेळायचा नाही. दसऱ्याला या, आमच्या ओसरीवर बसून संपवू. तुमचा हत्ती मी खाल्लाय हे विसरू नका.

कराड स्टेशनवर मीच जाणार आहे. सासूबाई म्हणाल्या, "बाईमानसानं टेशनात जाऊन हुबं ऱ्हायाचं व्हय?" मी म्हटलं, व्हय. मग त्यांना दुसरंही विचारून घेतलं. म्हटलं, ते आले की त्या दिवशी मी मागून जेवणार नाही. दोन ताटं समोरासमोर मांडणार आहे, तुमच्यादेखत.

त्यांनी पटावरची समोरासमोरची दोन प्यादी पदरानं पुसून जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "मांड."

मनुबाई